डोहाच्या तळाचं डांबर

जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. नव्या रस्त्यासाठी डांबराचं तेल घेऊन निघालेला टँकर निलंग्याच्या वाटेवर पुलावरून घसरला आणि नदीच्या डोहात कलंडला. आख्ख्या नदीत पाणी उरलं होतं ते तेवढ्याच डोहात. ड्रायव्हर वाचला, तेल सगळं पाण्यात गेलं.

पाणीपुरवठ्याचे ओव्हरसियर अण्णाराव फटफटीवरून पोचले, तर पाण्यावर कडबा तरंगत होता. तेल शोषायला कडबा टाका, असा तहसीलचा निरोप होता. जनावरांना काडी मिळेना आणि इथं पेंढ्या पाण्यात! त्यावर तेलाचा डागसुद्धा नव्हता.

"तेल गेलं वाहून, सायब," सरपंच चन्नबसप्पा म्हणाले. "पानी काचेवानी हाय."

"वाहून कुठं जाईल? नदी वाहते का तुमची?" अण्णाराव उखडले. "हे तेल पाण्याहून जड असतं. तळाला बसलंय."

घागर घेऊन उभी असलेली दानम्मा हसली. "तेल कधी बुडतं व्हय? जलमभर सैपाक केला म्या."

अण्णारावांनी पोत्यात धोंडा बांधला, दोरी लावून डोहात फेकलं आणि तळावरून ओढलं. पोतं स्वच्छ आलं. लोक हसले. दुसऱ्यांदाही स्वच्छ. तिसऱ्या खेपेला पुलाच्या खांबाजवळ टाकलं, तेव्हा काळंकुट्ट होऊन, चिकट धारा गाळत वर आलं.

कुणी हसलं नाही. दानम्मानं घागर पालथी घातली. "मंग प्यायचं काय आमी?"

अण्णारावांनी पोस्टातून लातूरला फोन लावला. लातूर म्हणालं, "उस्मानाबादला विचारा." उस्मानाबाद म्हणालं, "तुमचा जिल्हा आता लातूर." त्यांनी फोन आदळला.

"पिण्याच्या पाण्याचा टँकर निलंग्याहून मी आणतो," ते परत येऊन म्हणाले. "तोवर पाण्यात कुणी उतरू नका. ढवळलं की सगळीकडं पसरंल."

"आन् हितलं पानी सोडून द्यायचं?" चन्नबसप्पा चिडले.

"अर्धं सोडायचं. अर्धं वाचवायचं."

डोह मधे अरुंद होता. तिथं वाळूची पोती रचून त्यांनी बांध घातला. खांबाकडचं पाणी इंजिनानं उपसून बाजूला खणलेल्या खड्ड्यात सोडताना बायका रिकाम्या घागरी घेऊन काठावर उभ्या होत्या. अण्णारावांनाही ते बघवेना. मग गावातली माणसं फावडी घेऊन उतरली. उन्हानं डांबर पातळ झालं होतं; पाय रुतले की निघत नव्हते. संध्याकाळी सगळे रॉकेलनं पाय घासत बसायचे आणि अण्णारावांच्या नावानं शिव्या द्यायचे. पाय घासत अण्णारावही त्यात सूर मिसळायचे.

बांधापलीकडच्या पाण्याची बाटली तपासून आली: पाणी चांगलं निघालं. त्याच दिवशी बांधकाम खात्याची जीप आली. तिच्यातून उतरलेल्या साहेबांनी काठावरचा काळा ढीग बघितला.

"हे रस्त्याला वापरता येईल का हो?"

अण्णाराव फटफटीला किक मारून पाण्याचा आजचा टँकर बघायला निलंग्याला निघाले.