सिप्रियन, माझ्यातून ऊठ

माडांच्या सावलीत एक कौलारू घर होतं. त्या घरात राहायचा गावचा पाववाला, सिप्रियन पदेर, त्याची बायको इमेल्डा आणि त्यांचं एकुलतं एक चेडू, म्हणजे मुलगी, कोन्सेसांव. बाजूच्या भट्टीत पाव भाजायचा सिप्रियनचा धाकटा भाऊ फॉस्टिन. आणि सोप्यावर, दाराच्या उजव्या हाताला, होते मी. मी सिप्रियनची आरामखुर्ची बोलतेय. ऐका जरा, कारण माझ्या जिवाला स्वस्थता नाही. खुर्चीला कसली आली अस्वस्थता, म्हणाल. माझ्यावर बसलेल्या माणसाची गोष्ट ऐका, मग म्हणा.

गंगाराम सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं आणि वेताने विणलं. सिप्रियन समोर उकिडवा बसून हुकूम सोडत होता, "गंगाराम, पाठ अशी तिरकी कर की माणूस एकदा बसलो काय परत उठाक नाय होयो!"

त्याचं तरी काय चुकलं? अंधारात उठून पीठ मळायचं, भट्टीपुढे उभं राहायचं, मग सायकलला टोपली बांधून कट्ट्याच्या बाजारापर्यंत पाव वाटत जायचं. सगळा जन्म उभ्याने गेलेला माणूस. गंगारामने त्याच्या मनासारखा उतार दिला. त्या उतारानेच पुढे मला छळलं.

आधी सिप्रियन घाटीवर सायकल हातात धरून चढायला लागला. मग त्याचे पाय चपलेत मावेनात. मग आडवं पडलं की जीव गुदमरे, म्हणून रात्रीही तो माझ्यातच टेकून बसे. अंगात पाणी भरलेलं. माझा वेत खाली झोळीसारखा लोंबला. माझ्या पाठीला त्याचं काळीज लागायचं. ते धडधडायचं असं नाही. ओल्या पिठात पाय रुतलेल्या माणसासारखं ते ओढत चालायचं.

गोव्याच्या मोठ्या इस्पितळातून तो परत आला तेव्हा सूज उतरली होती. काळीज दमलंय, औषधं जन्मभर घ्यायची, मीठ कमी, आणि सध्या विश्रांती, असं सांगून त्यांनी सोडलं होतं. त्यातला 'सध्या' वाटेत कुठे तरी सांडला. घरात पोचली ती नुसती विश्रांती.

मग सगळ्यांनी मिळून त्याला मायेने बसवला. इमेल्डा पाणी हातात देई, ताट मांडीवर देई. तो जरा पुढे सरकला की आतून हाक येई, "उठतंस खंय? बस!" विचारपूस करायला येणारं प्रत्येक माणूस हेच बोले. शेजारची मथुरा तर फाटकातूनच ओरडायची, "सिप्रू, जाग्यार रव हां! उठलंस काय गेलंस!"

महिने गेले. त्याच्या मांड्या माझ्यावर हलक्या होत चालल्या, काठ्यांसारख्या. न्हाणीपर्यंत गेला तरी परत येऊन धापा टाकत कोसळे. हे कोणाला दिसत नव्हतं, कारण कोणी त्याच्या खाली नव्हतं. मी होते. मी कुरकुरायला लागले. तो टेकला की कुर्र, हलला की कुर्र. ऊठ रे बाबा, माझ्यातून ऊठ! फॉस्टिनने काय केलं? माझ्या सांध्यांत खोबरेल सोडलं. "आता गप रवतली," म्हणाला.

तशात कोन्सेसांवचं लग्न ठरलं. मुलगा दोडामार्गचा, ईस्टरनंतर मे महिन्यात लग्न.

आमच्या किरिस्तांवांत, म्हणजे ख्रिस्ती लोकांत, एक रीत आहे. लग्न लागून जेवणं झाली की मुलीकडची माणसं नवरीला गावच्या हद्दीपर्यंत चालत पोचवतात. तिथे मुलीच्या घरचा वडीलधारा जमिनीवर फेणीची धार सोडून एक रेघ ओढतो. तिला शीम म्हणतात. रेघ ओढली की इकडची माणसं इकडे, तिकडची तिकडे, आणि मुलगी तिकडे जाते. आमच्या गावाची शीम वहाळावरच्या साकवापाशी, ओढ्यावरच्या छोट्या पुलापाशी.

"यंदा शीम हंयच घरापुढल्या खळ्यात घालूया," फॉस्टिन म्हणाला. "सिप्रू खुर्चेर बसानच धार सोडतलो. काय बिघाडला?"

सिप्रियन माझ्यात ताठ झाला. "खळ्यात शीम घातलंस तर गाव माझ्या पायरेर संपलो. मगे तुझी भट्टी गेली नवऱ्याच्या गावात. पाव कोणाक इकतलंस, रे?"

फॉस्टिन हसला. सिप्रियन हसला नाही. "शीम साकवार," तो म्हणाला. "आणि थंय मी माझ्या पायांनी जातलंय."

"तुझे पाय न्हाणीपर्यंत जाताना लटपटतत!" इमेल्डा ओरडली आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

 दुसऱ्या दिवशी कोन्सेसांव कट्ट्याला गेली आणि तिथे नवीन आलेल्या डॉक्टर शुभदाबाईंना रिक्षात घालून घेऊन आली.

बाईंनी छाती ऐकली, पायावर अंगठा दाबून पाहिला, औषधं पाहिली. मग म्हणाल्या, "सूज नाही, औषधं लागू पडलीत. काका, आता उठायचं."

"उठायचं?" इमेल्डाने डोक्याला हात लावला. "त्यांना विश्रांती सांगितली होती, बाई."

"तेव्हा सांगितली ती बरोबरच. पण इतके महिने बसून पायांतली ताकद गेलीय. पाय दुबळे झाले की तेवढ्याच कामाला काळजाला जास्त राबावं लागतं. पायांत ताकद आली की काळजाचं ओझं कमी होईल. आजार जाणार नाही, पण दम कमी लागेल, झोप लागेल, माणूस माणसांत येईल. रोज थोडं चालायचं, हळूहळू वाढवायचं. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं. सूज वाढली, वजन एकदम वाढलं, छातीत दुखलं, चक्कर आली, तर चालायचं नाही, माझ्याकडे यायचं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि या खुर्चीतून धडधाकट माणूससुद्धा उठणार नाही. हिला सरळ करा."

पुन्हा गंगाराम आला. माझ्या मागच्या पायांखाली त्याने जाड ठोकळे बसवले, वेत ताणून विणला. माझा उतार गेला! आता सकाळ-संध्याकाळ सिप्रियन हात न टेकता माझ्यातून उठे, पुन्हा बसे, पुन्हा उठे. पहिल्या दिवशी त्याचे गुडघे थरथरले आणि त्याच्यासकट मीही थरथरले.

चालणं खळ्यापासून सुरू झालं. सोबत इमेल्डा. पण बोलायचं काय? इतक्या वर्षांच्या नवराबायकोला बोलायला उरतं काय? मग इमेल्डाने भांडणं काढली.

"तू लग्नात बूट उसने घातलेलंस!"

"तुझ्या बापाशीन डुकर केवढां बारीक मारल्यान, तां आठव आधी!"

उत्तर आलं की चालायचं. उत्तर अडकलं की ती त्याचा दंड धरून थांबवायची. खळ्यातून भांडण बावडीवर गेलं, बावडीवरून मथुराच्या फाटकाशी. तिथे नवंच संकट. दिसला सिप्रियन की लोक खुर्ची बाहेर काढत. माझेच भाऊबंद दारोदार त्याला गिळायला टपलेले! मथुराने तर त्याला दोनदा बसवला, आणि ताकद यावी म्हणून खारवलेला बांगडा खायला घातला. त्या आठवड्यात पाय पुन्हा सुजले. चालणं बंद, औषध वाढलं, आणि सिप्रियन परत माझ्यात.

इमेल्डा माझ्या हातावर डोकं टेकून म्हणाली, "पुरे झालां. शीम खळ्यात घालूया."

 लग्न तोंडावर आलेलं. मी नुसती तळमळत होते. माझ्या पायांना चालता येत असतं तर मीच त्याला घेऊन साकवावर गेले असते.

बाई आल्या, मथुराला तिच्याच भाषेत दोन शब्द सुनावून गेल्या. सूज उतरली. पुन्हा खळं, पुन्हा बावडी, पुन्हा तेच बूट आणि तेच डुकर. मथुराने खुर्ची आत घेतली आणि आता ती स्वतःच फाटकातून भांडणात भर घालू लागली. सिप्रियन वाटेवरच्या क्रुसापर्यंत पोचला. साकव मात्र अजून पुढे होता.

लग्नाच्या दिवशी जेवणं आटपली, ऊन कललं. वरात निघाली. फॉस्टिनने मला डोक्यावर घेतलं. "दमलो तर बसतलो," म्हणाला. म्हणून मला सगळं वरून दिसलं. पुढे बँडबाजा, मग नवरानवरी, मागे सिप्रियन आणि शेजारी इमेल्डा, रेशमी साडीत भांडत. बावडी गेली. मथुराचं फाटक गेलं. क्रूस गेला. साकव दिसायला लागला.

आणि सिप्रियन गप्प झाला.

"बूट उसने होते!" इमेल्डा म्हणाली. उत्तर नाही. "आयकलंस? बोल रे!" उत्तर नाही. बाजा थांबला. फॉस्टिनने धावत येऊन मला त्याच्या मागे टेकवलं. तो माझ्यात बसला. मी जीव मुठीत धरून पाठ लावली. पण काळीज नेहमीच्या चालीने चाललं होतं, थकलेलं तरी बेताचं. भिजला होता तो फक्त सदऱ्याचा गळा.

इमेल्डा त्याच्यापुढे वाकली. "दम लागलो?"

"माप चुकलां तुझां," तो म्हणाला. "दम नाय लागलो. चेडू जाता म्हणान रडतंय."

"मेल्या, मगे सांगूचां तरी!"

सगळे हसले, आणि कोन्सेसांव येऊन बापाच्या गळ्यात पडली. मग सिप्रियनने हात छातीशी घेतले आणि माझ्यावर कुठेही न टेकता उठला. साकवापर्यंत गेला. बाटली स्वतः उघडली, वाकून धार सोडली, सरळ रेघ ओढली. येताना मला फॉस्टिनने वाटेत ठेवलं तेव्हा माझ्यात बसली ती इमेल्डा. "माझेच पाय गेले गो," मथुराला म्हणाली.

आता मी सोप्यावरच आहे. ठोकळे तसेच, वेत ताठ. सिप्रियनच्या गोळ्या चालू आहेत, सायकल तो चालवत नाही. पण रोज साकवापर्यंत जाऊन येतो आणि भट्टीत स्टुलावर बसून पाव वळतो. माझ्यावर आमसुलं वाळतात, मांजर निजतं. मला त्याचं दुःख नाही. तुमच्या घरात कोणी असं बसून असेल, तर डॉक्टरला विचारा, आणि त्याच्या खुर्चीची कुरकुर तेलाने बंद करू नका.

आज सकाळी फॉस्टिन पिठाच्या हातांनी धावत आला. "सिप्रू! कोन्सेसांवाक चेडू झालां! आजो झालंस!"

तो जरा वेळ माझ्यात टेकला होता. उठला तो एवढ्या झपाट्याने की माझ्या हातांवर वाळत घातलेली आमसुलं खळ्यात उडाली, आणि मी अजून एकटीच हलतेय.