सौम्याचा उजवा हात जातो कुठं?

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. पण झोपायची नव्हे, कोलांट्या मारायची! निपाणीच्या एका शाळेत, विटांवर टेकवलेल्या तिरक्या फळीवर मी पसरलेली असते. तंबाखूची रिकामी पोती धुऊन गुणाबाई आजींनी मला शिवलं. वास मात्र अजून गेलेला न्हाय! नवी मुलं आधी शिंकतात, मग कोलांटी मारतात.

आजींची नात सौम्या उलटी कोलांटी शिकत होती. माझ्या उतारावर अंगाला वेग आपोआप मिळतो. मग खेळ शिकवणाऱ्या नीलम बाई एकेक वीट काढत जातात. उतार कमी, वेग कमी. तेवढा जोर हातांनी लावायचा. दोन्ही तळवे कानांजवळ टेकून रेटा दिला, की मानेवर भार येत नाही.

पण विटा कमी झाल्या तशी सौम्या उजवीकडे कलंडू लागली. उंच उतारानं तिची चूक झाकली होती ना!

"मान मोडून घेशील गं," बाई म्हणाल्या. "शनिवारपर्यंत सरळ जमलं तरच बेळगावच्या स्पर्धेला. न्हायतर मी नेणार न्हाय."

सौम्याचं तोंड एवढंसं झालं. मला कळत होतं, डावा तळवा वेळेवर टेकतोय, उजवा उशिरा येतोय. पण मधे तो जातो कुठं? मला तोंड असतं तर विचारलंच असतं!

शेवटी बाईंनी तिच्या तळव्यांना खडूची पूड चोळली. "मार आता."

धप्प! माझ्यावर डावा पंजा पुरा उमटला. उजव्याची नुसती बोटं.

"माझा हात कुठं गेलता?" सौम्या चक्रावली.

तिची मैत्रीण आरोही हसत सुटली. "कपाळ बघ जा तुझं! पांढरंफेक झालंय!"

आजीनं शिवलेल्या गादीला पाय लागतो, म्हणून सौम्या कोलांटीसाठी बसता बसता उजव्या हाताची बोटं मला टेकवून कपाळाला लावायची! आमच्याकडे सगळेच तसं करतात, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पाया पड की," बाई म्हणाल्या, "पण उठल्यावर!"

शनिवारी सगळ्या विटा निघाल्या. मी सपाट जमिनीवर, आणि जीव टांगणीला. दोन्ही तळवे एकदम टेकले, कंबर डोक्यावरून गेली, आणि सौम्या सरळ उभी!

मित्रांनो, घाई करू नका, विटा एकेक करूनच काढा. आणि मला फरफटत नेऊ नका, टाके उसवतात. सौम्या मला उचलून ठेवते. नमस्कारही करतेच, पण शेवटी, दोन्ही हातांनी.