आधी झटकायचे, मग भिजवायचे

डॉक्टरीणबाईंच्या पेनाचं टोक छातीच्या स्कॅनच्या फिल्मवरच्या एका पांढुरक्या रेघेपाशी थांबलं होतं, आणि ती नुसती बघत राहिली — हे माझं? सत्तरी ओलांडलेल्या, धुणीभांडी करून राठ झालेल्या बाईच्या आत इतकं नाजूक काही असतं?

"फुप्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई हलकेच म्हणाल्या. "बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होतो. तुम्ही कुठे कामाला होतात?"

"मी कुठली कामाला! मी घरीच. आमचे हे होते कारखान्यात. बॉयलरच्या पाइपांवर त्याचंच वेष्टण चढवायचे."

"मग त्यांचे कपडे कोण धूत होतं?"

तिला हसूच आलं. कोण धुणार! धुण्याची तिची रीत तर शेजारणींनीसुद्धा उचललेली — आधी झटकायचे, मग भिजवायचे, नाहीतर कपड्यांना चिकटून आलेल्या त्या भुकटीचा चिखल होऊन मोरी तुंबते. मागच्या दारात उभी राहून ती ते कपडे असे फटकारायची की नवरा म्हणायचा, "अगं, साहेबाचा राग माझ्या विजारीवर का काढतेस?" आणि उन्हात ती भुकटी चमचमत तरंगत राहायची, खाली बसायचं नावच नाही… अंगण झाडताना मात्र ती न चुकता आधी पाणी शिंपडायची. तेवढंच इथे का नाही सुचलं? एक तांब्या पाणी.

केसाहून कितीतरी बारीक तंतू, डॉक्टरीणबाई सांगत होत्या, चाळीस-चाळीस वर्षं आत बसून राहतात. चाळीस वर्षं! तेवढ्या काळात तिची दोन बाळंतपणं झाली, सासू गेली, दोन घरं बदलली, मुलं आपापल्या वाटेला लागली, आणि ते आपले जागचे हलले नाहीत. राग यायला हवा होता. आलं ते नवल, अंगावर काटा आणणारं. इतका धीर तिच्या घरात कुणालाच नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा नवरा बाकावर बसला होता, तिची पिशवी मांडीवर घेऊन. त्याची छाती कारखाना दरवर्षी तपासायचा, ठणठणीत. सांगितलं तर हा माणूस स्वतःला उभ्या जन्मात माफ करायचा नाही… आणि नाही सांगितलं, तर हे एवढं अफाट एकटीने पेलायचं कसं?

"काय म्हणाल्या?" तो धडपडत उठला. "जुना खोकलाच ना?"

तिने बोलण्यासाठी श्वास घेतला — आणि तो आत उतरताना तिला कळत राहिला, खोल, आणखी खोल… एवढी जागा आपल्या आत होती! नवरा तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने श्वास तसाच धरून ठेवला.