दारापासून तिसरा

बावीस वर्षं या हॉस्पिटलात ऑक्सिजनचे पाइप सांभाळतोय मी, किसन. उल्हासनगरातली ही जुनी बराक, लष्कराच्या छावणीच्या वेळची. आता तिला नवी करायचं चाललंय. करा बाबांनो, पण पेशंट आत असताना? इकडे भिंत फोडतात, तिकडे माणसं खोकतात. सांगायचं कोणाला!

त्यात माझी बायको यशोधरा न्यूमोनियानं बायकांच्या वॉर्डात, चार दिवस ऑक्सिजनवर. मास्क जरा सरकला तरी तिचे ओठ निळे पडायचे.

शनिवारी सकाळी कंत्राटदाराचा माणूस शशिकांत आला. "काका, नव्या आयसीयूची लाइन जोडायचीय. तिचा व्हॉल्व्ह बंद करा ना. उद्या उद्घाटन आहे."

ऑक्सिजनच्या खोलीत गेलो आणि डोकंच फिरलं. उद्घाटन म्हणून भिंत, पाइप, व्हॉल्व्ह, सगळ्याला पांढरा रंग फासलेला. वर लिहिलेली नावं गायब.

"आता कसं कळणार?" शशिकांत म्हणाला.

"अरे, डोळे मिटून सांगतो. दारापासून पहिला बायकांचा, दुसरा पुरुषांचा, तिसरा आयसीयूचा." आम्ही सगळे असंच मोजायचो. बंद करण्याआधी वॉर्डात फोन करायचा नियम आहे. पण आयसीयू रिकामं, मग फोन कशाला? तिसरा आवळून बंद केला.

शशिकांतच्या माणसांनी आयसीयूच्या पाइपचा जोड सैल केला आणि फुस्सकन गॅस सुटला. बंद केलेल्या लाइनीत गॅस कुठून?

मी दाराकडे बघितलं. आयला! हे दार नवीन. जुनं त्या टोकाला होतं, गेल्या महिन्यात विटांनी बुजवलं. मी उलट्या बाजूनं मोजलं होतं, म्हणजे बंद केला तो बायकांचा.

झटक्यात तो व्हॉल्व्ह उघडला, शशिकांतला दुसऱ्या टोकाचा बंद करायला ओरडलो आणि धावत सुटलो. देवाधर्माचं काही सुचेना, नुसतं "यशो, यशो" चाललं होतं.

वॉर्डात वृंदा सिस्टर एकच सिलिंडर या खाटेवरून त्या खाटेवर ओढत होत्या. यशोधरा घामानं भिजली होती, पण श्वास चालू होता. ओठांवर रंग परत येत होता. सगळ्या सहाजणी जिवंत होत्या. मी खाली फरशीवरच बसलो.

शेजारच्या खाटेवरच्या ठमाबाईंनी माझा हात धरून कपाळाला लावला. "तुम्हीच चालू केलंत ना, भाऊ? देवासारखे धावून आलात."

गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण बाईंचा हात गार पडला होता, आणि मला ते सोसेना.

"बंदही मीच केला होता, आई. चुकून."

मी यशोधराकडे वळलो, जवळ गेलो. तिनं दोन्ही हातांनी मास्क तोंडावर घट्ट दाबून धरला आणि माझ्याकडे बघत राहिली.