दारावरचे दात

दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी, नंबर लावणारी ती. आणि तिच्याच दातांवर खडूसारखे पांढरे डाग, मध्ये तपकिरी पट्टे. लहानपणी विहिरीच्या पाण्याने दोघी बहिणींचे दात असे झाले होते. डॉक्टर म्हणायचे, "पेशंटसमोर फार दात काढू नकोस. दुकान बसेल आपलं." ती दिवसभर मास्क लावून बसायची.

मग एकदा डॉक्टरांनी आपण होऊन तिला खुर्चीत बसवलं. तपकिरी पट्टे घासून काढले. पांढऱ्या डागांवर आम्लाचं जेल लावलं, त्यात पाण्यासारखं पातळ रेझिन मुरवलं आणि निळ्या दिव्याने घट्ट केलं. "पैसे नकोत, घरचीच आहेस," म्हणाले. आधी आणि नंतर फोटो काढले, "आपल्या माहितीसाठी."

घरी नवरा बघतच राहिला. "अगं, हसतेस की तू!" त्या आठवड्यात ती उगीचच्या उगीच हसली.

सोमवारी दवाखान्याच्या काचेच्या दारावर तीच होती, माणसाएवढी. डावीकडे ताणलेले ओठ, डागाळलेले दात, खाली 'आधी'. उजवीकडे 'नंतर'.

"सर, निदान चेहरा तरी झाका."

"मग लोकांना खरं कसं वाटेल? आणि फुकट केलंय, विसरलीस?"

आता एखादा पेशंट कां कू करू लागला की आतून हाक यायची, "जरा ये गं. हसून दाखव." ती हसायची. बायका वाकून तिच्या तोंडात बघायच्या. एक म्हणाली, "शी! असे दात घेऊन राहत होतीस तरी कशी?"

धाकट्या बहिणीला तिने आनंदाच्या भरात आधीच नंबर देऊन ठेवला होता. ती आली आणि दारातच थबकली. डावीकडच्या फोटोकडे बघता बघता तिचा हात तोंडावर गेला. ही धावत बाहेर आली.

"आत ये ना गं."

"ताई, हे माझेच दात आहेत. रस्त्यावर टांगलेस."

"मी नाही लावले."

"मग फाडून का नाही टाकलेस?"

बहीण मागे न बघता निघून गेली.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. हिने केला तर मेहुणे उचलतात. "झोपलीय ती," म्हणतात, भरदुपारी.