बिनतेलाचं लोखंड

मी डिस्क बोलतेय. गाण्यांची नव्हे, ब्रेकची. एका काळ्या आलिशान सेडानच्या पुढच्या डाव्या चाकात मी नऊ वर्षं फिरले. चाकाच्या आऱ्यांमधून डोकावलात तर आत एक गोल लोखंडी थाळी दिसते, ती मी. ब्रेक दाबला की दोन पॅड दोन्ही बाजूंनी मला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. पळणाऱ्या इंजिनाचं कौतुक सगळे करतात. थांबवणारीची आठवण होते ती गाडी थांबली नाही तरच.

मी ओतीव लोखंडाची. भट्टीतून निघाले, घासून गुळगुळीत झाले आणि माझ्या कडेवर एक आकडा कोरला गेला. झिजत झिजत मी त्या जाडीपर्यंत आले की मला उतरवायचं, असा त्याचा अर्थ. आपलं मरण अंगावर मिरवत फिरायचं म्हणजे जिवाला घोर कायमचाच.

पहिली पाच वर्षं मुंबईत एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. मग दीपेशनं गाडी विकत घेतली आणि मी अलिबागजवळ थळला, समुद्राकाठी आले. दीपेशचा मासळीसाठी बर्फ पुरवण्याचा धंदा, पण हौस राजाची. भरती ओसरली की ओल्या वाळूवर गाडी घालून फोटो काढायचा. इथला खारा वारा मला बाधला. गाडी दोन दिवस उभी राहिली की अंगावर तांबडा गंज चढायचा आणि पहिल्या ब्रेकला पॅड तो खरवडून काढायचे.

दीपेशचे वडील दादू नाखवा. चाळीस वर्षं होडीवर काढलेला माणूस. त्यांच्या होडीवरची साखळी, कड्या, खिळे, सगळं तेलानं माखलेलं. खाऱ्या वाऱ्यात लोखंड उघडं ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच. माझा गंज बघून ते हळहळायचे. पण दीपेश त्यांना गाडीला हात लावू देत नसे, म्हणून मी वाचले.

या वर्षी नाखव्यांच्या धाकट्या लेकीचं, अमिषाचं लग्न ठरलं. सासर श्रीवर्धनचं. लग्न तिकडेच, आणि नवरी याच गाडीतून जाणार असं दीपेशनं सगळ्या कोळीवाड्याला सांगून ठेवलं. रस्ता म्हसळ्याच्या घाटातला. आणि माझी अवस्था अशी, की ब्रेक दाबला की पायाखालचं पेडल थरथरायचं.

अलिबागच्या गणराज मेकॅनिकनं माझी जाडी मोजली. मी आकड्याच्याही खाली गेले होते. नुसते पॅड बदलून भागणार नाही, डिस्कपण बदल, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

मग दीपेशची निवडानिवड सुरू झाली. तीन आठवडे तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. आधी त्याला भोकाभोकांच्या डिस्क आवडल्या, दिसायला झोकदार म्हणून. त्या भोकांत इथली वाळू आणि गंज बसेल, तू साध्याच घे, असं म्हणून गणराजनं तो बेत मोडला. पॅडचं मात्र ठरेचना. एका जातीचे पॅड धूळ कमी सोडायचे, चाकं चकचकीत राहायची. दुसरे काळी धूळ सोडायचे, पण ओल्या रस्त्यावर पक्के धरायचे. शेवटी त्यानं दोन्ही मागवले. नको असतील ते परत पाठवू, म्हणाला. मला हसू आलं. एवढं मन डळमळीत असलेला माणूस बर्फ तरी कसा विकतो, देव जाणे.

लग्नाच्या आदल्या दुपारी गणराज घरी आला. मला उतरवून त्यानं मासळीच्या टोपल्यांशेजारी टाकलं. नव्या दोघी, एक डाव्या चाकाची आणि एक उजव्या, खोक्यातून निघाल्या त्या तेल चोपडून. वाटेत गंजू नयेत म्हणून कारखान्यातून तसंच पाठवतात. गणराजनं ते तेल कापडानं अगदी कोरडं पुसून काढलं आणि मगच त्यांना चाकात बसवलं. पॅड दीपेशच्या आग्रहानं कमी धुळीचे, कारण लग्नाचे फोटो. दोघं गाडी फिरवून आले. ब्रेक उत्तम लागत होता.

दादू नाखवा ओट्यावर बसून हे बघत होते.

संध्याकाळी घरची माणसं हळदीच्या गडबडीत असताना ते तेलाचा डबा आणि फडकं घेऊन चाकाशी येऊन बसले. "लेकीच्या गाडीचं तेलच पुसून टाकलान मेल्यानं," ते पुटपुटले आणि आऱ्यांमधून हात घालून दोन्ही डिस्कना मायेनं तेल चोपडू लागले. तेल लागलेली डिस्क पॅडच्या चिमटीतून निसटते. घाटात ब्रेक दाबला तरी गाडी थांबणार नाही आणि तिच्यात अमिषा असणार. ओरडावंसं वाटलं, पण लोखंडाला तोंड कुठलं?

जाता जाता त्यांना मी दिसले. त्यांनी मला मांडीवर घेतलं, माती झटकली आणि तेल लावलं. "तूबी लय राबलीस," म्हणाले आणि मला दाराशी नेऊन ठेवलं. नऊ वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. बरं वाटलं, आणि त्याच क्षणी चाकातल्या त्या दोघी आठवल्या.

सकाळी दीपेशनं गाडी मागच्या अंगणातून हळूच दारात आणली. अमिषा शालू सावरत मागे बसली, नाखवा पुढे. निघण्याआधी चाकापुढे नारळ फोडायचा, पण हाताशी दगड मिळेना. दीपेशनं मला उचललं आणि मी त्याच्या हातातून सटकले. त्यानं बोटं नाकाला लावली.

"हिला तेल कोणी लावलं?"

"मी," नाखवा गाडीतून कौतुकानं म्हणाले. "त्या नव्या दोघींनापण लावलंय. उघड्याच ठेवल्या होत्या त्यानं."

दीपेशनं इंजिन बंद करून चावी काढली. "अमिषा, उतर," एवढंच म्हणाला.

गणराज वऱ्हाडात जायला रेशमी कुडता घालून आलाच होता. बाह्या सारून तो चाकाशी बसला. डिस्क पुसून निघतील, पण पॅड तेल प्यायलेत, ते बाद, असं तो म्हणाला. ऐनवेळी दुसरे कुठून आणायचे? तेव्हा दीपेशला परत न पाठवलेला दुसरा खोका आठवला. मागे मी ज्या डळमळीत मनाला हसले, त्यानंच आज सगळ्यांना तारलं. मी मनातल्या मनात कान धरले.

डिस्क पुसायला नाखवाही बसले. पुसता पुसता त्यांनी विचारलं, "तेल न्हाय लावायचं असंबी लोखंड असतं?"

"असतं, नाखवा. याला कोरडंच ऱ्हावं लागतं," गणराज म्हणाला.

ते आपल्या काळ्या पडलेल्या हातांकडे बघत बसले. "या हातांनी आज लेकीला मारली असती," म्हणाले. अमिषा पुढे झाली. वेणीचा, गजऱ्याचा विचार न करता तिनं ते तेलकट हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवले.

"बाबा, तेल इथं लावा. मला चालतं."

गाडी तासभर उशिरा निघाली. मी अंगणातच राहिले. पुढचा सबंध दिवस आणि दुसरी दुपार मी घाटातली वळणं मोजत काढली. संध्याकाळी ओळखीचा आवाज आला. काळ्या धुळीनं माखलेली चाकं उतारावरून अंगणात आली, आणि गाडी थांबायची तिथंच थांबली.

आता नाखव्यांनी मला छोट्या होडीच्या दोराला नांगर म्हणून बांधलंय. आठवड्याला तेल लावतात, कारण आता मला चालतं. तुमच्या चाकांतल्या माझ्या बहिणींना मात्र कोरड्या ठेवा. झिजल्या की वेळेवर उतरवा. आणि माया करायची तर आधी विचारा, तिला काय चालतं.