थोरल्याची सही

१९५२ सालच्या एका रविवारी सकाळी विनायकराव आगटे स्टुलावर चढून नव्या घराच्या दारावर पितळी पाटी ठोकत होते आणि कालिंदी खाली स्टूल धरून उभी होती. बालीगंजच्या शाळेत इतिहास शिकवणारी, तिशी उलटलेली मुलगी. पण घरात बाबांपुढे तिचं काम स्टूल धरण्याचंच.

"वकिलाच्या घशात गेलं असतं तेवढ्यात ही पाटी झाली," ते वरून म्हणाले. "आणि आमच्या बाईसाहेब वकील लावायला निघाल्या होत्या."

आई स्वयंपाकघरातून हसली. कालिंदीने स्टुलाचा हलणारा पाय दाबून धरला.

खरेदीच्या आधी तिने एकदाच विषय काढला होता. शाळेतल्या एका शिक्षिकेचे यजमान दिवाणी वकील होते. त्यांना कागद दाखवू या, एवढंच. बाबांनी तो विनोद म्हणून मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना ऐकवला. त्यांचा जन्म केंद्र सरकारच्या कचेरीत गेला होता, त्यांना कुणी काय शिकवायचं? एकत्र कुटुंबात थोरला भाऊ कर्ता, त्याने सही केली की संपलं, हे ते साताऱ्यात लहानपणापासून बघत आले होते. इथे बंगालातही घर विकणाऱ्या थोरल्या घोषालबाबूंनी सही केली, वर संदेश मिठाईचा पुडाही दिला. धाकटा भाऊ वारल्याचं त्यांनी लपवलं नव्हतं. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणजे कटकटच नाही, असं बाबा खुशीत म्हणाले होते.

सोमवारी ती कटकट दारात आली. धाकट्या घोषालांची विधवा काशीहून परतली होती. कुणाला न विचारता ती वर गेली आणि तिने चूल मांडली. बाबांनी तिला कचेरीतल्या हिंदीत कायदा समजावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तो तुमच्या देशातला कायदा," ती म्हणाली. "इथे नवऱ्याचा हिस्सा माझा."

दुपारी बाबा स्वतःच त्या वकिलाकडे गेले. कालिंदी सोबत होती. वकिलाने कागद वाचले आणि बाई खरं बोलतात म्हणून सांगितलं. बंगालात भावाभावांचे हिस्से वेगळे. मूल नसलं तर विधवा वारस. थोरला फक्त आपलाच अर्धा विकू शकतो. आणि थोरल्याचा आता पत्ता नव्हता. खटला चालवता येईल, पण त्यात उमर जाईल. मग त्याने चहा मागवला आणि आधी आला असतात तर अर्ध्या तासाचं काम होतं, असंही बोलून दाखवलं.

बाबा परतले ते पाटीखालच्या पायरीवर बसले. जेवायला उठले नाहीत. पहाटे तिथेच त्यांनी प्राण सोडला.

त्यांना स्मशानात नेल्यावर विधवेने खाली येऊन गंगाजलाने उंबरठा धुतला. अर्धाच. आई आत रडत कालिंदीला म्हणत राहिली, "तूच वकिलाचं अभद्र बोललीस."

दहाव्याला गंगेचा घाट. इथे माणसंच थोडी, म्हणून बायकाही गेल्या. पिंड मांडले. कठड्यावर कावळ्यांची रांग होती, पण एकही खाली उतरेना. बजबजच्या तेल डेपोत नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने, जयंताने, हात जोडून आईला सांभाळण्याचा शब्द दिला. कंपनीच्या खोलीत तिला जागा नाही, हे त्याने घाटावर येतानाच सांगितलं होतं. कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. आईने, तुमचं घर राखू, म्हणून पदर पसरला. तरी नाही.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. आईने त्यांचा हात थांबवला आणि कालिंदीला पुढे ढकललं.

"हिच्यासाठी अडलंय. सांग त्यांना, खटला मी लढवीन म्हणून. तुझ्या मागे ना नवरा ना पोर. पगार कशासाठी आहे तुझा?"

जयंता मान खाली घालून हलकेच म्हणाला, "बोल ना ताई. बोलायला काय जातं?"

काय जातं ते कालिंदीला ठाऊक होतं. शाळा सुटली की कोर्ट, कोर्ट सुटलं की अर्धा उंबरठा, केस पांढरे होईपर्यंत. आणि शब्द दिला की ती तो पाळणार, हे आईलाही ठाऊक होतं.

ती पिंडासमोर उभी राहिली. तिने हात जोडले नाहीत.

"बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी खटला लढवणार नाही. वकिलाला आधी विचारायला हवं होतं. तुम्ही चुकलात."